मापात पाप आणि मोडकी पट्टी

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दोंडाईच्यात आमच्या मोहल्ल्यातल्या नववी-दहावीच्या दहा मुलामुलींसमोर बसलो होतो. परीक्षा जवळ आली की कुणीतरी हाक मारतंच, "मामू, पोरांना जरा गणित दाखवा ना." मी जातो. त्या दिवशी त्रिकोणमिती घ्यायची होती. पण त्याआधी सहज म्हणून मी खिशातून एक मोडकी पट्टी काढली. साधी प्लास्टिकची फूटपट्टी, सुरुवातीचा तुकडा उडालेला, तीनच्या खुणेपासून पुढे शाबूत. सोबत एक पेन्सिल. पेन्सिलीचं एक टोक तीनवर ठेवलं, दुसरं चौदावर आलं. विचारलं, लांबी किती?

सहा जणांनी सांगितलं, चौदा सेंटिमीटर. दोघांनी बोटाने एकेक रेघ मोजली आणि सांगितलं, बारा. एक मुलगा, वर्गात हुशार म्हणून ओळखला जाणारा, म्हणाला, "सर, पट्टी तुटली आहे. दुसरी द्या, मग सांगतो." आणि एका मुलीने सांगितलं, अकरा.

तिला विचारलं, कसं काढलंस? ती म्हणाली, "अम्मी ब्लाउज शिवते. तिच्या टेपचं पुढचं टोक झिजलंय. म्हणून ती दहापासून धरते आणि नंतर दहा वजा करते."

त्रिकोणमिती त्या दिवशी झालीच नाही. घरी आलो तरी ती तीन उत्तरं डोक्यातून जाईनात. चौदा, बारा, आणि "दुसरी पट्टी द्या". या तीन उत्तरांवर आज लिहितो आहे. वाचून काही जणांना राग येईल. येऊ द्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे "यांची पोरं अभ्यासातच मागे" असं म्हणायला टपलेल्यांची सोय होणार नाही. हा रोग फक्त आमच्या मोहल्ल्याचा नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल दरवेळी गाजतो. २०२३ च्या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. देशातल्या २६ राज्यांमधल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या चौतीस हजारांहून जास्त मुलामुलींना त्यात घरी जाऊन रोजच्या जगण्यातले प्रश्न विचारले होते. त्यात एक प्रश्न पट्टीचा होता. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्य सोडून पुढे सरकवली, तेव्हा बरोबर सांगणारी राहिली ३९ टक्के. या वयातली जवळजवळ ८७ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेत-कॉलेजात नाव असलेली होती. म्हणजे मुलं शाळेत होती, हातात पट्टी होती, पण मोजता येत नव्हतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीतही चौथीच्या मुलांना अशाच सरकवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती, तिथेही बहुसंख्य मुलं चुकली. तेव्हा हा धर्माचा, जातीचा किंवा डोक्याच्या वजनाचा प्रश्न नाही. शिकवण्याचा आहे.

चूक नेमकी कुठे होते ते बघा. शाळेत शिकवतात, वस्तूचं एक टोक शून्यावर ठेवा आणि दुसऱ्या टोकाचा आकडा वाचा. मूल तसं करतं, उत्तर बरोबर येतं, मास्तर टिक मारतात. मुलाच्या मनात बसतं की लांबी म्हणजे शेवटचा आकडा. लांबी म्हणजे दोन खुणांमधलं अंतर, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शून्यावर ठेवल्यावर शेवटचा आकडा आणि अंतर एकच येतं, म्हणून चूक झाकली जाते. वस्तू सरकली की ती उघडी पडते. बारा सांगणाऱ्या दोघांची अडचण वेगळी होती. त्यांनी रेघा मोजल्या. तीनपासून चौदापर्यंत रेघा बारा असतात, पण त्यांच्यामधल्या जागा अकरा. कुंपणाला बारा खांब रोवले तर मधे अकराच गाळे येतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पण पट्टी हातात आली की तोच पोरगा शेत विसरतो, कारण पट्टी शाळेची आणि शेत घरचं.

आणखी एक बारीक गोष्ट. कंपास पेटीतल्या प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याची रेघ काठावर नसते, थोडी आत असते. लोखंडी पट्टीवर ती बहुधा काठावरच असते. कितीतरी मुलं प्लास्टिकच्या पट्टीचा काठच शून्य समजतात आणि दरवेळी तीन-चार मिलिमीटर चुकतात. काही मुलं एकपासून मोजतात, कारण मोजणी एकपासून सुरू होते असं त्यांना पहिलीत शिकवलेलं असतं. या चुका बघायला मास्तरांना मुलाच्या बाजूला बसावं लागतं. साठ मुलांच्या वर्गात ते होत नाही हे मला मान्य आहे. पण तीस मुलांच्या वर्गातही होत नाही, हेही मी बघितलं आहे.

आता कुणी म्हणेल, मामू, एवढ्याशा पट्टीवरून काय एवढं? पेन्सिल अकराची काय आणि चौदाची काय, जगाचं काय अडलं?

माझ्या मावसभावाचं अडलं. दहावी नापास झाल्यावर सतराव्या वर्षी तो दोंडाईच्याहून सुरतेच्या गाडीत बसला. आमच्या भागात हे नवीन नाही. ताप्ती लाईन आमच्या दारातून जाते, आणि ज्याचं इथे काही जमत नाही तो तिकडे जातो. तिथे तो एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हेल्पर लागला. त्याचा मिस्त्री टेप धरताना नेहमी एक इंच सोडून धरायचा, म्हणजे टेपचा एक इंचाचा आकडा पाइपच्या टोकावर. कारण जुन्या टेपच्या टोकाची पत्री वाकडी झाली होती. शेवटी तो एक इंच वजा करायचा, पण ते मनातल्या मनात. माझ्या भावाने हाताची हालचाल बघितली, मनातली वजाबाकी त्याला दिसली नाही. एक दिवस मिस्त्री म्हणाला, "छत्तीसचे चोवीस पीस काप." भावाने उस्तादासारखाच टेप एकवर धरला आणि छत्तीसवर खूण केली. चोवीसच्या चोवीस तुकडे पस्तीस इंचांचे निघाले. लांब राहिले असते तर छाटता आले असते. आखूड तुकड्याला इलाज नाही. त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे त्याच्या हातात टेप कधी दिला गेला नाही. आठ वर्षं झाली. त्याच्यानंतर आलेली पोरं मिस्त्री झाली. तो अजून "अरे, ते उचल" आहे.

लोक म्हणतात त्याचं नशीब. मी म्हणतो, त्याला चौथीतली वजाबाकी पट्टीवर कुणी करून दाखवली नाही.

टेपच्या टोकाच्या त्या पत्रीबद्दल सांगतो, कारण चांगल्या चांगल्या माणसांना हे ठाऊक नसतं. ती पत्री थोडी हलते. नव्या पोराला वाटतं सैल झाली, आणि तो हातोडीने ठोकून घट्ट करतो. खरं म्हणजे ती मुद्दाम हलती ठेवलेली असते, आणि स्वतःच्या जाडीएवढीच हलते. फळीच्या काठाला अडकवून ओढली की बाहेर सरकते, तेव्हा शून्य तिच्या आतल्या बाजूला येतं. भिंतीला टेकवून दाबली की आत सरकते, तेव्हा शून्य बाहेरच्या बाजूला येतं. अशा रीतीने दोन्ही वेळा माप बरोबर येतं. घट्ट केली की दोनपैकी एक माप कायमचं चुकणार. शून्य कुठे आहे हे न कळता ज्याने पत्री ठोकली, त्याने चांगलं हत्यार बिघडवलं. आमच्या शाळांनी शून्याचं हेच केलं. "शून्यावरच ठेवा" असं ठोकून घट्ट करून टाकलं.

आता दोन्ही बाजूंना बोलतो. आधी शाळेला.

मी सातवीत असताना एका मास्तरांनी माझी वही बघून म्हटलं होतं, "भूमिती नीट नाही जमली तरी चालेल रे तुला. तुम्हा लोकांना शेवटी गॅरेजलाच जायचं असतं." ते प्रेमाने बोलले होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यांना वाटत होतं की गॅरेजला भूमिती लागत नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा मिलिमीटरच्याही बारीक भागात मोजतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ज्याला ते हलकं काम समजत होते त्यात मोजमापाची शिस्त शाळेपेक्षा कितीतरी कडक असते. शाळेत मिलिमीटर चुकला तर अर्धा गुण जातो. इंजिनमध्ये चुकला तर इंजिन जातं.

माझे अब्बा सुतार होते. काम शिकले ते दोंडाईच्यातल्याच एका वयस्कर सुतारबाबांकडे. बाबा अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसत. करवत लावायच्या आधी ते हमखास म्हणायचे, "लाकूड कापाई गयं का वाढत नही रे भो." अब्बा तिसरी शिकलेले. पण त्यांच्या तोंडी माप असायचं "दोन फूट, सात इंच, तीन सूत". एक इंचाचे आठ सूत. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच. चार सूत म्हणजे अर्धा इंच. साडेतीन सूत म्हणजे सात सोळांश. ज्या अपूर्णांकांनी शाळेत माझं रक्त आटवलं, ते माझे अंगठाछापाच्या बरोबरीचे समजले जाणारे अब्बा दिवसभर जिभेवर खेळवत होते. पण शाळेने मला कधी सांगितलं नाही की सूत म्हणजे अपूर्णांक. आणि अब्बांना कधी कुणी सांगितलं नाही की ते जे करतात त्याला गणित म्हणतात. शाळेत सेंटिमीटर, दुकानात सूत, शेतात गुंठा. तिन्हींच्या मधे पूल नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इंग्रजांच्या काळात आपल्याकडची जमीन तेहतीस फुटी साखळीने मोजली गेली, त्या साखळीचे सोळा आणे पाडलेले होते. रुपयाचेही सोळा आणे, साखळीचेही सोळा आणे. खेड्यातल्या माणसाला ते लगेच समजायचं. हे सगळं पाचवीच्या मुलाला एका तासात सांगता येतं. सांगत नाहीत, कारण परीक्षेत येत नाही.

आता आमच्या लोकांना.

आमच्यात एक गोड समज आहे. "आपल्या पोरांच्या हातात हुनर आहे, शिक्षणाची गरज काय?" हे वाक्य मी सुतारांच्या, वेल्डरांच्या, टेलरांच्या, रंगाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. हुनर आहे, मान्य. पण ज्या पोराला नकाशा वाचता येत नाही तो दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर जन्मभर काम करतो. ज्याला क्षेत्रफळ काढता येत नाही त्याच्या फरशीच्या कामाचं बिल ठेकेदार काढतो, आणि ठेकेदार सांगेल तेवढे ब्रास तो मान्य करतो. रंगाऱ्याच्या भिंतीतून दारं-खिडक्या किती वजा करायच्या, हे रंगाऱ्याला ठाऊक नसेल तर मालक ठरवतो. हुनर हातात आणि हिशेब दुसऱ्याच्या हातात, याला मी हुनर म्हणत नाही. मजुरी म्हणतो.

आणि दुसरा समज याहून गोड. सभेत, जलशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आमचा वक्ता उभा राहतो आणि अल-बिरुनी, अल-ख्वारिझ्मी, इब्न अल-हैसम यांची नावं धडाधड घेतो. टाळ्या पडतात. मलाही अभिमान आहे. खलिफा मामूनच्या काळात, नवव्या शतकात, सिंजारच्या मैदानात माणसं दोऱ्या आणि खुंट्या घेऊन सरळ उत्तरेला आणि दक्षिणेला चालत गेली. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलेपर्यंत किती अंतर चाललो, ते त्यांनी मोजलं, आणि त्यावरून पृथ्वीचा घेर काढला. पुढे बिरुनीने पंजाबातल्या नंदनाच्या किल्ल्यावर एका डोंगराची उंची मोजली, डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला, आणि तेवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. गझनीचा किब्ला नेमका ठरावा म्हणून त्याने शहरांमधली अंतरं आणि अक्षांश-रेखांश काढण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

आता आपल्याकडे या. दोंडाईचा आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही एकवीस अंशांच्या थोडं वर. म्हणून आपल्याकडे सगळे समजतात की किब्ला म्हणजे सरळ पश्चिम. पृथ्वी गोल असल्यामुळे तो सरळ पश्चिम नाही, पश्चिमेपासून सहा-सात अंश उत्तरेकडे आहे. एवढ्या फरकाने नमाज बिघडत नाही, उलेमांनी त्यात सोय ठेवली आहे. पण बिरुनीच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्या सभेत हा हिशेब किती जणांना करता येईल? वक्त्याला येईल का? ज्या बिरुनीने आयुष्य कोन मोजण्यात घालवलं, त्याचं नाव आपण कोनमापक न उघडता घेतो.

एक किस्सा सांगतो, मशिदीचं नाव सांगत नाही. नवी फरशी बसली, सफींच्या रेघा आखायच्या होत्या. दोन उत्साही तरुणांनी काम घेतलं. एक उजव्या भिंतीकडे, एक डाव्या. दोघांनी चार-चार फुटांवर खुणा केल्या, पण प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजली. जाड खडूची रेघ, कधी रेघेच्या अलीकडून, कधी पलीकडून. प्रत्येक वेळी दोन-तीन सूत इकडे तिकडे. बाराव्या सफीपर्यंत एक टोक चार बोटं पुढे गेलं. टेप पहिल्या रेघेवर एकदाच लावून चार, आठ, बारा, सोळा अशा खुणा केल्या असत्या तर चूक साचली नसती. दर जमातीच्या आधी इमामसाहेब सांगतात, "सफें सीधी कर लो." आणि आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून, अगदी मन लावून, तिरक्या रेघेवर सरळ उभे राहतो.

हसू नका. मला तर हे आपल्या समाजाचं चित्र वाटतं. नियत सरळ, मेहनत भरपूर, आणि रेघ तिरकी.

जुम्म्याच्या खुतब्यात सूरह मुतफ्फिफीनचा उल्लेख वर्षातून दोन-चारदा तरी होतो. कुराणातली ही ८३ वी सूरह मापात कमी देणाऱ्यांच्या धिक्काराने सुरू होते. स्वतः घेताना पुरेपूर घेतात, आणि दुसऱ्याला मोजून देताना कमी देतात, अशांना तिथे सज्जड इशारा आहे. हजरत शुऐबांनी मदयनच्या लोकांना माप आणि वजन पूर्ण देण्याची ताकीद दिली, ती गोष्टही आपण लहानपणापासून ऐकतो. मराठीत त्यालाच "मापात पाप करू नये" म्हणतात. दोंडाईच्याची ओळखच मिरचीच्या बाजाराची. इथे काट्यावर काय चालतं आणि काय चालू नये, हे इथल्या पोरालाही कळतं. पण खुतबा संपतो तो दुकानदारापाशी. दुकानदाराने कमी देऊ नये, बस. मी विचारतो, ज्याला मोजताच येत नाही तो पुरेपूर देणार कसा? आणि त्याला कमी दिलं गेलं, हे त्याला कळणार कसं? पूर्ण माप देणं फर्ज असेल तर मोजायला शिकणं त्या फर्जाच्या आधी येतं. वुजू न शिकता नमाज होत नाही, तसंच.

इथे एक जण मला नक्की अडवणार. "मोजता आलं म्हणून न्याय मिळतो का?"

नाही मिळत. खोटं कशाला सांगू? आमच्या शेजारच्या विखरणचे धर्मा पाटील आठवा. वयाची ऐंशी ओलांडलेला शेतकरी. पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, हातात आले सुमारे चार लाख. इतरांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळाले, ही त्यांची तक्रार होती. त्यांना आपलं शेत चांगलं मोजता येत होतं. पण मोल ठरवणारी पट्टी दुसऱ्यांच्या हातात होती. चकरा मारून थकले आणि २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी विष घेतलं. २८ जानेवारीला ते गेले. मोजता येणं पुरेसं नाही, हे या भागात कुणी मला शिकवायला नको. पण त्यांना निदान आपल्यावर काय अन्याय होतोय ते नेमकं ठाऊक होतं, आणि ते कागद घेऊन दार ठोठावत राहिले. ज्याला आपलं शेत किती, आपली भिंत किती, आपलं काम किती, हेच ठाऊक नाही, त्याच्यावर अन्याय झाला तरी त्याच्या कानाला ते कळत नाही. तो म्हणतो, नशीब.

आणि अन्याय करणारे दरवेळी सरकारातच बसलेले नसतात. माझ्या अब्बांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला एक सूत कमी दिलं नाही. हे मी छाती ठोकून सांगतो. पण दादांचं घर वाटायची वेळ आली तेव्हा माझ्या दोन्ही फुफींनी हक्कसोडपत्रावर सही केली. दादी आधीच गेल्या होत्या. दोन भाऊ, दोन बहिणी. भावाला दोन, बहिणीला एक, म्हणजे एकूण सहा वाटे. अठराशे चौरस फुटांचा प्लॉट, प्रत्येक फुफीचे तीनशे फूट. एवढा सोपा हिशेब. त्यांना एक-एक साडी दिली, जेवण झालं, आणि सगळे म्हणाले, आमच्या बहिणी किती मोठ्या मनाच्या. तीनशे फूट म्हणजे दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब, एक अख्खं दुकान निघतं त्यात. ते कुणी जमिनीवर खडूने आखून फुफींना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर सही झाली असती का? अब्बा आज नाहीत, म्हणून हे लिहिताना जड जातं. पण सूरह मुतफ्फिफीन लाकडापुरती नाही.

म्हणून सांगतो, पट्टीचा धडा लहान नाही. शून्य कुठे धरलं आहे, हे विचारायची सवय म्हणजे हिशेब मागायची सवय. पाणीपट्टी किती, घरपट्टी किती, हे आपण बरोबर वाचतो, कारण नाही वाचलं तर नोटीस येते. फूटपट्टी नाही वाचली तर नोटीस येत नाही. हळूहळू मिस्त्रीचा हेल्पर होतो आणि हिस्सेदाराची साडी होते.

मग करायचं काय? मी पैसे मागत नाही, कमिटी काढा म्हणत नाही. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्यातल्या आकड्यांवर भाषणं करून आपण दोन पिढ्या घालवल्या. मी चार साध्या गोष्टी मागतो.

एक, चौथी-पाचवीच्या प्रत्येक वर्गात, शाळा उर्दू असो की मराठी, मोडक्या पट्ट्या ठेवा. मुद्दाम तोडा. मुलाला रोज वेगळ्या आकड्यापासून मोजायला लावा आणि उत्तर कसं काढलं ते बोलून दाखवायला सांगा. रेघा मोजू नकोस, दोन रेघांमधली जागा मोज, हे बोट फिरवून दाखवा.

दोन, आधी डोळ्याने अंदाज, मग माप. बाक किती लांब असेल? वहीत लिहा, मग मोजा. आपण किती चुकलो हे स्वतः बघितलं की मूल पट्टीला मान द्यायला शिकतं. आणि पट्टीवर सरळ वरून बघायचं, तिरकं बघितलं की आकडा सरकतो, हे प्रत्येकाला एकदा करून बघू द्या.

तीन, मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला, टेलरला, फरशीवाल्याला वर्षातून एक दिवस शाळेत बोलावा. भाषणासाठी नाही. गुण्या, ओळंबा, लेव्हलची पाण्याची नळी घेऊन या आणि पोरांकडून वर्ग मोजून घ्या. ज्या मुलाचा बाप वर्गात उभा राहून तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश सांगेल, त्या मुलाला अपूर्णांकांची भीती राहणार नाही. आणि बापाची लाजही राहणार नाही.

चार, मुलींना टेप द्या. शिवणाचा तर द्याच, लोखंडीही द्या. आपल्या घराच्या खोल्या त्यांना मोजू द्या. घर किती फुटांचं आहे हे ज्या मुलीला ठाऊक असेल, तिच्यापुढे पंधरा वर्षांनी कागद ठेवताना भाऊ दोनदा विचार करेल.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारी जीआर लागत नाही.

त्या रविवारी "पट्टी तुटली आहे, दुसरी द्या" म्हणणाऱ्या मुलावर मी रागावलो नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला दहा वर्षं तेच शिकवलं होतं. आम्ही मोठेही तेच म्हणत आलो आहोत. सरकार बदलू द्या, आरक्षण मिळू द्या, चांगली शाळा येऊ द्या, मग बघा आमची पोरं. या मागण्या रास्त आहेत, त्या सोडायच्या नाहीत. पण हातातली पट्टी तीनपासून पुढे शाबूत आहे. तेवढ्यावरही अकरा येतात. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या मुलीला ते शिकवलं, झिजलेल्या टेपवर, शाळेच्या मदतीशिवाय.

पुढच्या रविवारी मी परत जाणार आहे. त्या मुलाने विचारलं होतं, "सर, चांगली पट्टी आणाल ना?" मी तीच मोडकी नेणार आहे. शिकवायला त्या मुलीला पुढे बसवीन.